चालू मशीनमधलं कार्ड

"ओढ की आता. मुहूर्त बघतेस का?"

गोसावी सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी मागे वळले नाही. वळले असते तर तोंडातून काहीतरी निसटलं असतं, आणि तेव्हा मला त्या नोकरीची गरज होती.

"इरफानचं झालेलं नाही अजून, सर."

"त्याचं संध्याकाळपर्यंत होणार नाही. जबरदस्तीनं काढायची सोय आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग?"

"ती मी वापरणार नाही."

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळपासून त्यांचं तेच चाललं होतं. नवीन कार्ड बसवायला दुपारी बाहेरचा माणूस येणार होता, त्याची घाई असेल, असं मी धरून चालले.

याला आता बरीच वर्षं झाली. हडपसरच्या पुढे एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस होतं आणि आमचा धंदा होता दुसऱ्यांची कॉम्प्युटरं सांभाळण्याचा. एकेका मोठ्या सर्व्हरच्या पोटात बरीच मशिनं चालायची. व्हर्च्युअल मशिनं. हात लावायला गेलात तर तिथे काही नाही, सगळं सॉफ्टवेअरनं उभं केलेलं. पण त्या प्रत्येकाची समजूत अशी, की आपण एक स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. सर्व्हरला बाहेरच्या जगाशी जोडणारं नेटवर्क कार्ड मात्र खरंखुरं आणि एकच. त्या एका कार्डाचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका मशीनच्या थेट ताब्यात दिलेला असायचा. मध्ये कुणी नाही, म्हणून वेग भरपूर. पण चालू मशीनमधून तोच तुकडा काढायची वेळ आली की जपून काढावा लागतो. आधी मशीनला आतून सांगायचं की हे आता सोड. ते आपली सगळी ये-जा दुसऱ्या वाटेवर नेतं, तुकडा सोडतं, आणि मग आपण बाहेरून तो काढून घ्यायचा. न विचारता उपटला तर मशीन जागच्या जागी थिजतं. उकळतं पातेलं उतरवणाऱ्या बाईच्या हातातली सांडशी काढून घ्यावी, तसा तो प्रकार आहे.

म्हणून हे काम आमच्याकडे दोघं करायचे. एक आतला, एक बाहेरचा, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर. आतल्यानं 'सोडलं' म्हणायचं, बाहेरच्यानं 'काढते' म्हणायचं, आणि मगच हात चालवायचा. स्क्रीनवर सगळं दिसत असलं तरी तोंडानं म्हणायचं. काम संपेपर्यंत दोघांपैकी कुणी खुर्चीवरून उठायचं नाही, चहालाही नाही. ही पद्धत इरफान बागवाननं पाडलेली. बाकीचे चेष्टा करायचे, अंतरपाट कुणी धरायचा म्हणून विचारायचे. इरफान त्यांच्याबरोबर हसायचा आणि पद्धत सोडायचा नाही. इस्लामपूरचा माणूस, बोलायला मऊ, कामाला आडमुठा. माझंही डोकं तसलंच असल्यामुळे आमचं जमायचं.

त्या दिवशी जे कार्ड बदलायचं होतं ते मधूनच बंद पडायला लागलं होतं. बाकीच्या मशिनांतून आम्ही त्याचे तुकडे काढून घेतले होते. एकच मशीन राहिलं होतं, साताऱ्याकडच्या एका हॉस्पिटलचं. आयसीयूतल्या प्रत्येक खाटेचे आकडे, नाडी, ऑक्सिजन, सगळं त्या मशीनमार्फत नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर यायचं. ते मशीन बंद करायला हॉस्पिटलनं परवानगी दिलेली नव्हती, आणि दिली नव्हती ते बरोबरच होतं. दिवसभर एकेका खाटेपाशी एकेक नर्स उभी करण्याइतक्या नर्स त्यांच्याकडे नव्हत्या.

इरफानच्या टेबलावरच्या फोनवर, स्पीकर चालू ठेवून, तिथल्या थोरबोले सिस्टर होत्या. आयसीयू त्यांच्या ताब्यात. आवाजावरून पन्नाशीच्या पुढच्या वाटायच्या.

"सिस्टर, आता सगळं दुसऱ्या वाटंवर नेतोय," इरफान म्हणाला. "मी सांगितलं की खाटा एकेक करून बघा. सावकाश बघा, गडबड करू नका."

"बघते. तुम्ही चालू करा."

इरफाननं टाइप केलं. तिकडून सिस्टर मोठ्यानं मोजायला लागल्या. एक दिसतीय. दोन दिसतीय. मी माझ्या स्क्रीनकडे बघत बसले होते, हात मांडीवर. सहा झाल्यावर सिस्टर थांबल्या.

"सात न्हाई दिसत, इरफानभाऊ."

"सातला कोण हाय?"

"मालनबाई. काल बायपास झालंय त्यांचं. आकडे गेले, रेघ पण गेली. थांबा, एका पोरीला तिथं उभी करते." फोनवरून लांब गेलेला त्यांचा आवाज आला, कुणालातरी खाटेपाशी पिटाळलं. मग परत जवळ आला. "आठपासनं पुढं सगळं हाय. सातच न्हाई."

"सातचा मॉनिटर जुना असंल. त्याला जुनाच पत्ता माहीत हाय, तो तिथंच निरोप धाडतोय. काही हरकत न्हाई. मी सगळं पहिल्या वाटंवर परत आणतो, सात दिसू दे, मग त्याचा पत्ता बदलू आणि पुन्हा करू."

"परत कशाला आणतोस?" गोसावी सर मध्ये पडले. "बाकीचं सगळं आलंय ना? एक खाट राहिली तर राहू दे. मागून बघता येईल. रेणुका, ओढ."

फोन चालू होता. हा माणूस 'एक खाट राहिली तर राहू दे' असं फोन चालू असताना म्हणाला, आणि तिकडे ते ऐकायला सिस्टर होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"सर, आतून तुकडा सोडलेला नाही. आत्ता ओढला तर एक खाट नाही, सगळ्या जातील."

"जातीलच असं नाही."

"मग तुम्ही लेखी द्या आणि तुम्ही ओढा."

इरफाननं आमच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. सगळं पहिल्या वाटेवर आणायची ओळ टाइप करून त्यानं एंटर मारलं.

काहीच झालं नाही. त्यानं पुन्हा मारलं. स्क्रीन क्षणभर पांढरा झाला आणि त्यावर लॉगिनची चौकट आली. नाव, पासवर्ड. इरफाननं पासवर्ड टाकला. चुकीचा आहे म्हणून आलं. त्यानं कॅप्सचं बटण तपासलं, एकेक अक्षर दाबत पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"माझं लॉगिन गेलं," तो म्हणाला. घाबरलेला नव्हता, वैतागलेला होता. "सर, जरा खाली फोन लावता का, माझं लॉगिन अडकलंय बहुतेक."

सर फोन लावत नव्हते. ते घड्याळाकडे बघत होते. बारा वाजून गेले होते.

"सर, याचं लॉगिन कसं गेलं?" मी विचारलं.

"तू आधी ते ओढून मोकळी हो. बाकीचं नंतर बोलू."

"कसं गेलं ते सांगा."

तेवढ्यात दार उघडलं आणि खालचा सिक्युरिटीचा माणूस आत आला. रोज सकाळी आम्हाला नमस्कार करणारा माणूस. त्याच्या हातात पुठ्ठ्याचं रिकामं खोकं होतं आणि ते कुठे ठेवावं ते त्याला कळत नव्हतं.

"बागवान साहेब," तो म्हणाला, "तुमचं गळ्यातलं कार्ड घ्यायला सांगितलंय."

इरफाननं फोनचं बटण दाबून आमचा आवाज तिकडे जाणं बंद केलं. तिकडून आयसीयूतला टिकटिक आवाज मात्र येत होता. इरफाननं खोक्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"वरून ठरलंय, इरफान," गोसावी सर म्हणाले. "माझ्या हातात काही नव्हतं. ज्यांची नावं काढायच्या यादीत आहेत त्यांचं लॉगिन बाराला आपोआप बंद होतं. म्हणून तर मी सकाळपासून मागे लागलो होतो, लवकर उरका म्हणून."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कार्डवाल्या माणसाची घाई नव्हतीच. बाराच्या आत इरफानकडून काम काढून घ्यायचं होतं आणि मग त्याला काढायचं होतं.

"तुम्हाला कधीपासनं माहीत होतं?" इरफाननं विचारलं.

"सोमवारी आलं होतं मेल. सांगायची परवानगी नव्हती."

"इरफानभाऊ," फोनमधून सिस्टर म्हणाल्या, "सात अजून न्हाई आला."

इरफाननं फोनचं बटण परत दाबलं. "आणतो, सिस्टर. मालनबाईंपाशी कोण हाय ना?"

"हाय. पण तिला दुसऱ्या खाटा पण बघायच्यात."

"एवढ्यात आणतो." त्यानं पुन्हा आमचा आवाज बंद केला आणि तो सरांकडे वळला. "सर, थोडा वेळ लॉगिन चालू करून द्या. हे संपवतो आणि जातो. मी काही मागत न्हाई तुमच्याकडं."

"ते आता मुंबईहून उघडावं लागतं. उद्याशिवाय होणार नाही."

"तुमचं लॉगिन चालतं की."

"माझ्या लॉगिनवर तुला बसवता येत नाही. नियम आहे. तू आता बाहेरचा..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"मग तुम्ही बसा," मी म्हटलं.

"मी बसून काय करू? मला ते..."

"येत नाही. माहीत आहे आम्हाला. तो सांगेल, तुम्ही टाइप करा. नाहीतर हा फोन घ्या, आणि सात नंबर का दिसत नाही ते तुम्हीच सिस्टरना सांगा." मी फोन त्यांच्या पुढ्यात सरकवला.

सरांनी फोनकडे पाहिलं, सिक्युरिटीच्या माणसाकडे पाहिलं. मग इरफाननं खुर्ची रिकामी करून दिली आणि सर तिच्यात बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना त्या खोलीत बसलेलं पाहत होते.

इरफान मागे उभा राहून सांगायला लागला. आवाज नेहमीसारखा, मऊ. सर दोन बोटांनी टाइप करत होते. खोकंवाला दाराशी उभा होता. त्यानं खोकं खाली ठेवलं नाही की तो गेलाही नाही.

"थांबा. एंटर मारू नका. शेवटचा आकडा चुकलाय."

सरांनी आकडा खोडला.

"आता तीन घाला. हां. आता मारा."

मला बसल्या जागेवरून सरांची मान दिसत होती. शर्टाच्या कॉलरवर घाम उतरला होता. मला त्या मानेचा राग येत होता, कॉलरचा राग येत होता, आणि त्या माणसाच्या मागे उभं राहून त्याला 'मारा' म्हणणाऱ्या इरफानच्या शांतपणाचासुद्धा राग येत होता. निदान आवाज तरी चढव, असं मला वाटत होतं. त्यानं चढवला नाही. त्याचं सगळं लक्ष सात नंबरात होतं.

फोनवर आमचा आवाज मी परत चालू केला.

"आला," सिस्टर म्हणाल्या. "सात आला. नाडी ठीक हाय. बरं झालं, बाई."

"अजून संपलं न्हाई, सिस्टर. आता त्या मॉनिटरचा पत्ता बदलतोय. मग पुन्हा एकदा सगळं मोजायचं."

पत्ता बदलला. त्यात सरांच्या हातून आणखी एक चूक झाली, इरफाननं ती एंटर मारण्याआधी पकडली. पुन्हा सगळी ये-जा दुसऱ्या वाटेवर गेली. सिस्टरनी पहिल्या खाटेपासून मोजायला घेतलं आणि या वेळी सहानंतर त्या थांबल्या नाहीत. शेवटची खाट मोजून झाल्यावर इरफाननं सरांकडून शेवटची ओळ टाइप करून घेतली, स्क्रीनवर काय आलं ते वाकून वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सोडलं," तो म्हणाला.

"काढते," मी म्हटलं.

मी तुकडा काढला. काही झालं नाही. नीट केलं की काहीच होत नाही, हेच त्या कामाचं वैशिष्ट्य. तिकडे सिस्टरना पत्ताही नव्हता.

"झालं का?"

"झालं, सिस्टर. सगळं बघितलं ना?"

"सगळं दिसतंय. आता नवीन कार्ड घातल्यावर परत जोडताना मला फोन करा. मी हाय आज डबल ड्युटीला."

इरफाननं जरा थांबून "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

खोक्यात टाकायला त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. एक स्वेटर, मोबाइलचा चार्जर, पोरीचा फोटो. गळ्यातलं कार्ड काढून त्यानं सिक्युरिटीवाल्याच्या हातात दिलं आणि उलट त्यालाच धीर दिला, "तुमचं काय चुकलं हो त्यात." मी लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती.

"तू एक शब्द बोलला नाहीस त्यांना," मी म्हटलं. "मी असते तर खुर्चीसकट पाडलं असतं."

"सात अंधारात होता तवा काय बोलू?" तो म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिलेला नव्हता. "रेणुका, काढलं त्याचं एवढं न्हाई. नोकरी आज हाय, उद्या न्हाई. पण सकाळी ह्याच माणसानं मला खाली नेऊन चहा पाजला. खांद्यावर हात टाकला. म्हणाला, इरफान, आजचं काम तुझ्याशिवाय कुणाला जमायचं न्हाई. मी घरी फोन करून बायकोला सांगितलं ते. साहेब असं म्हणाले म्हणून. आता तिला काय सांगू?"

लिफ्ट आली. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, एकालाच न्यायचं सांगितलंय." इरफान आत गेला. दार मिटेपर्यंत तो माझ्याकडे नाही, हातातल्या खोक्याकडे बघत होता.

मी परत आले तेव्हा गोसावी सर तिथेच होते, आता नेहमीप्रमाणे उभे. रुमालानं मान पुसून झाली होती.

"तू उगाच ताणलंस," ते म्हणाले. रागानं नाही, समजावणीच्या सुरात. "साडेअकराला ओढलं असतंस तर त्याचं काम वेळेत संपलं असतं, मी त्याला बाजूला घेऊन बोललो असतो. सगळं सभ्यपणे झालं असतं."

"साडेअकराला ओढलं असतं तर आयसीयूचा अख्खा स्क्रीन गेला असता."

"गेला असता कदाचित, कदाचित नसता. आणि हे बघ, तुझंही नाव घालायचं चाललं होतं. मी थांबवलं."

त्यांना वाटलं होतं मी आभार मानीन. त्यांच्या चेहऱ्यावर तशी जागा तयार ठेवलेली दिसत होती.

"हॉस्पिटलचा फोन आला तर सांग, इरफान तातडीनं गावी गेलाय," ते म्हणाले. "कंपनीच्या आतल्या गोष्टी गिऱ्हाइकाला सांगायच्या नसतात."

दुपारी कार्डवाला आला, नवीन कार्ड बसवून गेला. आता हॉस्पिटलच्या मशीनला त्याचा तुकडा परत द्यायचा होता. बाहेरची मी होते. आत कोण बसणार ते ठरलेलं नव्हतं. सर दोन-तीन ठिकाणी फोन करून आले आणि माझ्या टेबलाशी घुटमळत राहिले. फोन वाजला तेव्हाही ते तिथेच होते.

"इरफानभाऊंना द्या," थोरबोले सिस्टर म्हणाल्या. "नवीन कार्ड बसलं असंल ना? जोडायचं तर आत्ता जोडा, रात्री नको."

सरांनी मला हातानं खूण केली. गावी, गावी.

"इरफान इथे नाही, सिस्टर," मी म्हटलं. "त्याला कंपनीनं काढलं."

सर माझ्याकडे एक पाऊल आले आणि थबकले.

"काढलं? कधी?"

"आज. दुपारी बारा वाजता त्याचं लॉगिन बंद केलं."

त्यांनी हळू म्हटलं, "बाराला आमचा सात गेलता."

"हो."

"म्हंजे तवाच."

"तेव्हाच. त्याला माहीत नव्हतं."

"कुणाला माहीत होतं?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. "सिस्टर, आमचे साहेब शेजारीच आहेत."

"साहेब," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. वॉर्डात एखाद्यानं घाण पायांनी आत यावं आणि त्याला दारातच थांबवावं, तसा होता. "आमची ड्युटी संपली तरी पुढची बाई खाटेपाशी येऊन उभी राहिल्याबिगर आधीची हलत न्हाई. मग तिच्या घरी लेकरू आजारी असू दे न्हाईतर काही असू दे. तुम्हाला माहीत होतं हा माणूस बाराला उठणार. तरी माझ्या बायपासच्या बाईची खाट तुम्ही त्याच्या हातात दिली. माझं चुकतंय का काही?"

"तसं नाही, सिस्टर. त्यात थोडी तांत्रिक अडचण..."

"आत्ता जोडायला कोण बसणार आत? नाव सांगा."

गोसावी सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर त्या इमारतीत कुणाकडे नव्हतं, आणि ज्याच्याकडे होतं तो दुपारी खोकं घेऊन गेला होता.

"आम्ही तुम्हाला कळवतो," सर म्हणाले आणि बोट पुढे करून त्यांनी फोन बंद केला.

लगेच तो परत वाजायला लागला. वाजून थांबला आणि पुन्हा वाजला. सर वाट बघत होते, मी उचलीन म्हणून. मी हात मांडीवर ठेवून बसले होते.

"उचला, सर," मी म्हटलं. "तुमच्यासाठी आहे."